आधी दोरी, मग दार: कुत्र्याला घेऊन गाडीने लांब जाताना

भुरी आमच्याकडे आली तेव्हा चपलांच्या खोक्यात मावत होती. आज ती सोळा किलोंची आहे, जात गावठी, रंग नावाप्रमाणे, आणि इंदूर ते पुणे हा रस्ता तिने आमच्याबरोबर सात वेळा केला आहे. पहिल्या खेपेला सेंधव्याच्या अलीकडे एका ढाब्यावर मी मागचं दार उघडलं आणि ती माझ्या हाताखालून सटकली. गळ्यात पट्टा होता, पण दोरी डिकीत, बॅगांच्या खाली. समोर ए.बी. रोड, म्हणजे आग्रा-मुंबई हायवे, आणि ट्रकांची रांग. ती रस्त्याकडे न जाता उलट दिशेला, कापसाच्या शेतात पळाली हे आमचं नशीब. मी, नवरा, ढाब्यावरचा पोरगा आणि अर्धा चहा टाकून उठलेला एक ट्रक ड्रायव्हर असे चौघं चाळीस मिनिटं "भुरी, भुरी" करत फिरलो. शेवटी ती एका उभ्या ट्रॉलीखाली सापडली, जीभ बाहेर, शेपूट पोटाशी.

तेव्हापासून घरात नियम झाला: आधी दोरी, मग दार. ओळखीचे लोक विचारतात ते उलटीबद्दल, घाटाबद्दल, एसीबद्दल. दाराबद्दल कोणीच विचारत नाही. सात खेपांत जे जे अंगाशी आलं किंवा येता येता राहिलं, त्यातलं निम्मं गाडी उभी असताना घडलं आहे.

इंदुरातल्या मराठी घरांना हा रस्ता नवा नाही. लग्नं तिकडे, आजोळ तिकडे, मुलं शिकायला तिकडे. सुमारे सहाशे किलोमीटर, दोन घाट, आणि मध्ये निमाडचं, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातलं, ऊन. तुमच्या घरी नुकतंच कुत्रं आलं असेल आणि यंदा पहिल्यांदाच त्याला न्यायचं घाटत असेल, तर पुढचं वाचा. दुसऱ्या रस्त्याने जाणार असलात तरी बहुतेक गोष्टी याच लागू पडतील.

१. न्यायचंच का, हे आधी ठरवा

लसी पूर्ण न झालेलं पिल्लू नेऊ नका. पिल्लाला साधारण सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस मिळते आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. ती मालिका पूर्ण होईपर्यंत ढाब्याच्या मातीवर त्याचे पाय टेकवणं म्हणजे पार्वोला आमंत्रण. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि तिथे कोणता आजारी कुत्रा बसून गेला हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

कुत्री माजावर आली असेल तर प्रवास पुढे ढकला. प्रत्येक थांब्यावर गावभरचे कुत्रे गाडीभोवती जमतात आणि तुम्हाला दारही उघडता येत नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मे महिन्यात दिवसा नेऊ नये, एसी असला तरी. एसी बंद पडतोच की. हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

"मग रेल्वेने नेऊ" असं कोणीतरी सुचवतंच. फर्स्ट एसीचं दोन किंवा चार बर्थचं अख्खं केबिन तुमच्या नावावर असेल तर कुत्रा सोबत बसतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ती पेटी मी एकदा वाकून पाहिली आणि गाडीच बरी म्हटलं.

२. कागद

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि फोल्डर पुढच्या कप्प्यात. डिकीत नको.

- लसीकरणाची पुस्तिका. रेबीजची तारीख चालू असली पाहिजे. पहिली लस तीन महिन्यांच्या वयाला, मग डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखेला, आपल्याकडे बहुधा दरवर्षी.
- प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखला. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी तो सांगितला आहे. संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, असं त्यात पशुवैद्यक लिहून देतात. निघण्याच्या दोन-चार दिवस आधी घ्या.
- तुमच्या गावी नगर निगमची नोंदणी केली असेल तर तिची प्रत.
- कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी काढलेले स्वच्छ फोटो, आणि तुमच्यासोबतचा एक. हरवला तर दाखवायला, आणि "हा तुमचाच कशावरून" असं कोणी विचारलं तर.

महाराष्ट्राच्या सीमेवर आम्हाला आजवर कोणी थांबवून काही विचारलेलं नाही. मुक्कामाच्या हॉटेलांनी मात्र पुस्तिका दोनदा मागितली. आणि भुरीने एकदा टोलच्या खिडकीतल्या माणसावर असा गळा काढला की त्याने हात आत घेऊन विचारलं, "सुई लगी है ना इसको?" पुस्तिका वर धरली, तो हसला.

कायद्याचं थोडक्यात. चालकाच्या हालचालीत अडथळा येईल अशा रीतीने गाडीत कोणाला बसवू नये, काही ठेवू नये, असं मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२५ सांगतं. मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणारे यात येतात. प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशी वाहतूक करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे.

३. सामान

दुकानात गेलात तर प्रवासाच्या नावाखाली बरंच काही गळ्यात मारतील. खरोखर लागतं ते एवढंच:

- छातीवरून जाणारा हार्नेस, रुंद पट्ट्यांचा. दोन बोटं आत जातील इतकाच सैल.
- हार्नेस आणि सीटबेल्टचं खटकन बसणारं कुलूप यांना जोडणारा आखूड पट्टा. कुत्रा उठून बसू शकेल, वळू शकेल, पण पुढच्या सीटवर पोहोचणार नाही इतका.
- साधी दीड-दोन मीटरची दोरी, आणि तशीच एक जास्तीची. आपोआप गुंडाळली जाणारी लांब दोरी रस्त्यावर नको. घाईत बटण दाबलं जात नाही.
- गळ्यातल्या पट्ट्यावर बिल्ला, त्यावर दोन मोबाइल नंबर. गाडीत असणाऱ्यांचेच. आमच्या पहिल्या बिल्ल्यावर इंदूरच्या घरचा लँडलाइन होता. घराला कुलूप, आणि नंबर घरचा!
- मागच्या सीटवर झोळीसारखं अडकवायचं कापड. जुनी जाड चादर दोन्हीकडच्या डोक्याच्या उशांना बांधली तरी काम भागतं.
- घरचं पाणी, पाच लिटर. गावोगावच्या पाण्याने पोट बिघडतं.
- नेहमीचं खाणं, दोन दिवसांचं जास्तीचं.
- दोन जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, पिशव्या, खिडकीला लावायच्या जाळ्या.
- गॉझ, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, आणि गोचीड काढायचा चिमटा.

हार्नेसऐवजी सीटबेल्टचा पट्टा थेट गळ्यातल्या पट्ट्याला अडकवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं होतं. जोरात ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. असं कधीही करू नका.

४. बसायची जागा

ताशी पन्नास किलोमीटरने चाललेली गाडी कशावर तरी आदळून थांबली तर आतल्या न बांधलेल्या वस्तूला बसणारा मार जवळपास दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. म्हणजे साधारण तिसरा मजला. ऐंशीचा वेग असेल तर पंचवीस मीटर, आठवा मजला. हे शाळेच्या भौतिकशास्त्राचंच गणित आहे. सोळा किलोंचा कुत्रा त्या वेगाने पुढे आला तर तो स्वतः तर जातोच, पुढे बसलेल्याचाही जीव धोक्यात येतो.

पुढची सीट बाद, एअरबॅगमुळे. ती माणसाच्या छातीच्या अंदाजाने फुगते आणि कुत्र्याचं डोकं नेमकं तिच्या वाटेत येतं.

मागची डावी सीट सगळ्यात बरी. आपल्याकडे डावं दार रस्त्याच्या कडेला उघडतं, उजवं वाहतुकीत. सकाळी इंदूरहून दक्षिणेकडे निघालं की ऊन डावीकडूनच येतं हे खरं. पण उन्हाला जाळी लावता येते, ट्रकला नाही.

पिंजरा वापरणार असाल तर त्यात कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पिंजरा सीटला किंवा मागच्या हुकांना घट्ट बांधा. हॅचबॅक किंवा एसयूव्हीच्या मागच्या मोकळ्या भागात तो चालतो. सेडानच्या बंद डिकीत कुत्रा ठेवायचा नाही, "दहाच मिनिटं" म्हणूनही नाही. हे लिहावं लागतंय, कारण एका लग्नाच्या वऱ्हाडात मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

५. तीन आठवड्यांची तालीम

हा टप्पा सगळे गाळतात. कुत्र्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे काय, तर जिच्यात बसलं की डॉक्टरकडे सुई मिळते ती पेटी. अशा पेटीत त्याला एकदम बारा तास बसवायचं, आणि मग ते रडतं, लाळ गाळतं म्हणून वैतागायचं, हा शुद्ध अन्याय आहे.

पहिले चार-पाच दिवस इंजिन बंद. गाडी दारात उभी, चारी दारं उघडी, कुत्र्याचं संध्याकाळचं जेवण मागच्या सीटवर. खाल्लं की उतरवा. भुरी पहिल्या दिवशी पुढचे दोन पाय आत टाकून मान लांब करून खात होती, मागचे पाय जमिनीला खिळलेले. तिसऱ्या दिवशी चढली. ओढून चढवू नका, नाहीतर दोन दिवस मागे जाल.

मग हार्नेस घालून दार बंद, इंजिन सुरू, गाडी जागेवर. पाच मिनिटं.

मग कॉलनीला एक फेरी. मग दोन. दुसऱ्या आठवड्यात सुपर कॉरिडॉरसारखा रुंद, सरळ रस्ता, भल्या सकाळी, आणि शेवटी त्याला आवडेल असं काहीतरी: मोकळं मैदान, ओळखीचं घर. गाडीचा शेवट दर वेळी डॉक्टरच्या दारात होत नाही, हे त्याला पटायला पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात घाट. खंडवा रोडवर सिमरोलचा घाट उतरून चोरलपर्यंत जा आणि परत या. उलटीचा त्रास आहे की नाही हे तिथे कळतं. ओकण्याआधी कुत्रा सांगतो: सारखी जांभई, ओठ चाटणं, लाळेची तार, अस्वस्थ चुळबूळ. पिल्लांना हा त्रास जास्त होतो, कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग अजून पूर्ण तयार झालेला नसतो. बरीचशी वर्षभरात सावरतात. मोठ्या कुत्र्यालाही होत असेल तर डॉक्टर वजन बघून गोळी देतात, ती निघण्याआधी द्यायची असते. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी साधी वाटणारी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते. गुंगीचं औषधही मनाने नको. गुंगीतला कुत्रा तोल सांभाळू शकत नाही आणि उन्हात शरीर थंडही नीट ठेवू शकत नाही.

याच तीन आठवड्यांत "थांब" शिकवा. दार उघडलं तरी हाक मारल्याशिवाय उतरायचं नाही. रोज दहा वेळा, हातात खाऊ घेऊन. बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं करा.

६. निघायची सकाळ

जेवण निघण्याआधी तीन-चार तास, नेहमीपेक्षा निम्मं. आम्ही पहाटे पाचला निघतो, म्हणून भुरीला आदल्या रात्री पोटभर आणि सकाळी काहीच नाही. पाणी मात्र द्यायचं. निघण्याआधी अर्धा तास चांगलं फिरवा, थकलेलं कुत्रं झोपतं.

गोचिडांचं औषध चार-पाच दिवस आधीच लावून किंवा देऊन झालेलं असू द्या. वाटेवरचे थांबे म्हणजे गोचिडांचं माहेर, आणि त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याला लोळवतो.

सासूबाई निघताना सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवतात. भुरीच्या पुढ्यात त्या नुसतं चमचाभर दही ठेवतात. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पोह्यांना, त्याबद्दल पुढे.

७. चालत्या गाडीत

खिडकी चार बोटांपेक्षा जास्त उघडू नका. वाऱ्यात डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण धूळ, खडी, किडे थेट डोळ्यांत जातात. शिवाय तो उडी मारू शकतो. चालकाच्या बाजूचं खिडक्यांचं कुलूप लावून ठेवा, कारण काच खाली-वर करणाऱ्या बटणावर कुत्र्याचा पाय सहज पडतो आणि मान काचेत अडकते. मागच्या दारांचं मुलांसाठी असलेलं कुलूपही लावा.

राऊ, महू, मानपूर इथवर हवा मालव्याची असते. मानपूरच्या पुढचा घाट उतरून धामनोदच्या बाजूला आलं की निमाड लागतो आणि गरमी एकदम अंगावर येते. एसी घाट उतरण्याआधीच सुरू करा. मागच्या सीटपर्यंत हवा पोहोचते का, हे स्वतः मागे बसून बघा. आमच्या गाडीत पुढे स्वेटर घालावा लागे आणि मागे भुरी धापा टाके. शेवटी पुढच्या दोन सीटच्या मधलं सामान काढलं आणि झोत मागे वळवला.

घाटात वळणं सावकाश घ्या. कुत्र्याला धरायला हँडल नसतं.

दर दोन-अडीच तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा. आमचा पहिला खलघाटचा नर्मदेचा पूल ओलांडल्यावर. सासूबाई पुलावरच हात जोडून घेतात, भुरीला तेवढ्यात कळतं की आता उतरायचंय. दुसरा सेंधव्याच्या आसपास, बिजासनचा घाट लागण्याआधी. तिसरा शिरपूर सोडल्यावर. एका दिवसात पुणं गाठायचा हट्ट आम्ही सोडला. नाशिकला माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम करतो.

८. थांबा: सगळ्यात धोक्याची पंधरा मिनिटं

आता मूळ मुद्दा. क्रम असा:

गाडी रस्त्यापासून जितकी आत घेता येईल तितकी घ्या. इंजिन बंद. कोणीही दार उघडायचं नाही, मुलांनीसुद्धा. मागे बसलेल्या माणसाने आतूनच दोरी हार्नेसला अडकवायची आणि तिचा फास मनगटात घालायचा. नुसती मुठीत धरायची नाही. मग मोठ्याने सांगायचं: "धरली." मग सीटबेल्टचा पट्टा सोडायचा. मग डावं दार, अर्धं. "थांब." आजूबाजूला बघायचं. मग "चल."

चढताना उलट क्रम. आधी सीटबेल्टचा पट्टा, दार बंद, मग दोरी काढायची.

"धरली" हा शब्द ऐकल्याशिवाय आमच्या गाडीत कोणी दाराला हात लावत नाही. पाहुणे हसतात. हसू देत.

ढाब्यापेक्षा पेट्रोल पंपाची मागची मोकळी बाजू बरी, पण इतकी बाजूला नको की अंधारात एकटे पडाल. ढाब्याला तिथलेच चार-पाच कुत्रे असतात. तो त्यांचा इलाका आहे आणि तुमचा कुत्रा घुसखोर. उतरण्याआधी काचेतून नजर टाका. ते उठून येताना दिसले तर गाडी शंभर मीटर पुढे घ्या. भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका. बाटलीतलं पाणी अंगावर फेका आणि आपल्या कुत्र्याला दोरीने मागे ओढा. स्वयंपाकघराची मागची बाजू टाळा: हाडं, उष्टं आणि मालकीहक्क तिथेच.

डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. मातीवर, गवतावर फिरवा.

पाणी थोडं थोडं. एकदम भांडंभर प्यायलं की पुढच्या वळणावर चादरीवर येतं.

आणि पोहे. इंदूरकर माणूस प्रवासात डबा उघडतो तो पोह्यांचा, वर शेव, जिरावण आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. कुत्रं तोंडाकडे बघत बसतं आणि कोणाचा तरी हात पुढे होतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. शिजवलेला, तळलेला, वाळवून पूड केलेला, सगळाच. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, म्हणून लोक त्याचा संबंध पोह्यांशी जोडत नाहीत. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही नाही. तुपात भिजलेला बाफला, म्हणजे आमच्याकडची बाटी, एखादा तुकडा म्हणूनही नको. मुलांना हे निघण्याआधीच सांगा, आणि आजी-आजोबांना दोनदा.

९. ऊन आणि बंद गाडी

हे पाठ करून ठेवा. बंद गाडी उन्हात उभी राहिली की पहिल्या दहा मिनिटांत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी चढतं आणि अर्ध्या तासात अठरा-एकोणीस अंशांनी. बाहेर ३० असेल तर आत ४८. खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच, बाकी सगळं काम धापेवर. आतली हवाच तापलेली असेल तर धाप लागून उपयोग काय?

"एसी चालू ठेवून पटकन जेवून येतो" हेही नको. इंजिन बंद पडू शकतं, आणि कुत्र्याच्या पायाने दार आतून लॉक होऊ शकतं. आम्ही पाळीने जेवतो. एकजण कुत्र्याजवळ सावलीत, बाकीचे आत. डाळ थंड होते, होऊ दे.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्या हाताला ते तसंही गरमच लागतं, म्हणून हात लावून अंदाज करू नका. ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. खुणा: थांबता न थांबणारी जोराची धाप, गडद लाल जीभ आणि हिरड्या, घट्ट चिकट लाळ, झोकांड्या, उलटी, हाकेला उत्तर नाही.

असं दिसलं तर ताबडतोब सावलीत घ्या. अंगावर, विशेषतः पोट, काखा, जांघा आणि पंजांवर, साधं थंड पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बर्फात बसवू नका. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी, बळजबरीने तोंडात ओतायचं नाही. आणि सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टर गाठा, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा काही तासांनी बाहेर येते. जाताना गाडीचा एसी पूर्ण चालू.

भर उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाचला निघून अकराच्या आत निमाड ओलांडतो. एका मे महिन्यात आठला निघालो होतो. तो दिवस पुन्हा नको.

१०. वाटेत काही बिघडलं तर

निघण्याआधी वाटेवरच्या तीन-चार गावांतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांचे नंबर लिहून घ्या. तुमच्याच डॉक्टरांना विचारा, त्यांचे सोबत शिकलेले कोणी ना कोणी असतातच. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. १९६२ हा फिरत्या पशुचिकित्सा वाहनाचा नंबर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही चालतो, पण हायवेवर त्याची वाट बघत बसण्यापेक्षा जवळचं गाव गाठणं बरं.

भटका कुत्रा माणसाला चावला किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. तुमच्या कुत्र्याला चावला तर त्याची लस चालू असली तरी डॉक्टरांना दाखवा.

कुत्रा निसटला तर मागे धावू नका. आपण धावलो की त्याला खेळ वाटतो, नाहीतर भीती. खाली बसा, खाऊची पिशवी वाजवा, गाडीचं दार उघडं ठेवा. आम्ही चौघं शेतात ओरडत फिरत होतो तेव्हा भुरी घाबरून आणखी आत जात होती. नवरा थकून जमिनीवर बसला तेव्हा ती ट्रॉलीखालून सरकत सरकत त्याच्याकडे आली.

११. पोहोचल्यावर

थेट घरात नेऊ नका. आधी इमारतीखाली दहा मिनिटं फिरवा, शी-शू होऊ द्या.

पुण्यात बहुतेकांचं घर वरच्या मजल्यावर, म्हणजे लिफ्ट. इंदुरात बैठ्या घरात वाढलेल्या कुत्र्याला ती पहिल्यांदा दिसते आणि तो नेमका दार मिटताना मागे सरतो. दोरी बाहेर राहिली आणि लिफ्ट चालू झाली तर काय होईल याचा विचारही करवत नाही. म्हणून दोरी हाताला गुंडाळून वीतभर ठेवा, कुत्रा पायाला चिकटलेला, एक हात दार उघडं ठेवायच्या बटणावर. किंवा जिने चढा. आम्ही पहिल्या वर्षी चार मजले चढलो.

पाणी लगेच, जेवण तासाभराने आणि निम्मंच. रात्री कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचिडं शोधा. त्याची घरची चादर एका कोपऱ्यात अंथरा आणि ती न धुतलेलीच असू द्या. तिला घरचा वास असतो.

नव्या घरात पहिले दोन दिवस दार कोणीही, कधीही उघडतं: दूधवाला, शेजारी, कुरिअर, खेळायला निघालेली पोरं. माझ्या आत्याच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, डोळ्यांच्या उंचीवर, आणि मुलांसाठी तीच खाली एकदा: "भुरी कुठे आहे ते बघा, मग कडी काढा."